वस्तीचं भलं करताना घ्यायची काळजी

तुमच्या विद्यापीठाने शेजारची वस्ती दत्तक घेतली आणि प्रकल्पप्रमुख म्हणून तुमच्या गळ्यात माळ पडली, अभिनंदन! वस्तीला अजून कुणी कळवलं नसेल, तर घाई नको. दत्तक जाणाऱ्याला विचारायची पद्धत नसते.

आधी एक गोष्ट पक्की करा. प्रश्न तुम्हीच ठरवायचा. विभागात जो विषय शिकवला जातो, ज्याचं उपकरण पडून आहे, ज्यावर पेपर निघेल, तीच वस्तीची समस्या. लोकांना विचारत बसलात तर ते गटार तुंबल्याचं सांगतील आणि तुमच्याकडे असेल ड्रोन.

नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी १९७० च्या दशकात हा अविचार केला. त्यांनी चक्क ‘विज्ञान दुकानं’ उघडली. रहिवासी संघटनांनी, छोट्या गटांनी यायचं, आपला प्रश्न मांडायचा आणि विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याचं उत्तर शोधून द्यायचं, तेही फुकटात किंवा नाममात्र खर्चात. म्हणजे गिऱ्हाईक वस्ती आणि गल्ल्यावर प्राध्यापक! ही खोड पुढे इतर देशांतही पसरली.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात तर कहर झाला. २०१४ मध्ये तिथे नळाला नदीचं पाणी सोडलं, पण नळ गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. लोक तक्रार करत राहिले, अधिकारी पाणी उत्तम असल्याचं सांगत राहिले. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नमुने घेण्याचे ३०० संच फ्लिंटला पाठवले. नमुने घेतले कुणी? रहिवाशांनीच, आपापल्या घरच्या नळाचे. पाण्यात शिसं निघालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शहराचा पुरवठा पुन्हा जुन्या स्रोतावर न्यावा लागला. आता सांगा, या सगळ्या गदारोळात प्रमुख पाहुण्यांनी फीत कुठे कापायची?

त्यापेक्षा एखादं यंत्र बनवा. विद्यार्थ्यांना सार्वजनिक नळाला लावायचा सेन्सर करू द्या. पाणी आलं की मोबाइलवर संदेश जाईल. (पाणी आल्याचं नळाला कान लावूनही कळतं, पण त्याला क्रेडिट नाहीत.) उद्घाटनाच्या दिवशी तो चालला पाहिजे, एवढी काळजी घ्या. पुढे बॅटरी उतरेल. पासवर्ड ज्या मुलीकडे होता ती पास होऊन नोकरीला लागलेली असेल. दुरुस्तीचा खर्च अंदाजपत्रकात दाखवलेला नसेल, कारण अंदाजपत्रकात दुरुस्ती दिसली की यंत्र बिघडणार असा गैरसमज होतो. वस्तीतल्या कुणाला ते उघडायला शिकवू नका. प्रकल्पाचं आयुष्य एका टर्मचं असतं. सबमिशन झालं की समस्या सुटली, असं गुणपत्रिकेवर छापूनच येतं.

फोटोंबद्दल वेगळं सांगायला नको. बॅनरवर विद्यापीठाचं नाव मोठं, वस्तीचं लहान. फोटोत मुलं पुढे, म्हातारे कडेला, गटार चौकटीबाहेर.

अहवालात ‘प्रभाव’ हा शब्द सढळ हाताने वापरा. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संशोधन मूल्यमापनात २०१४ मध्ये प्रभावाला २० टक्के वजन होतं, २०२१ मध्ये ते २५ टक्के झालं. म्हणजे भल्याला भाव आलाय आणि तो चढता आहे. तिथे पुरावाही मागतात, पण ‘लाभार्थ्यांमध्ये जागृती झाली’ या वाक्याचं खंडन करायला लाभार्थी कधी आल्याचं ऐकिवात नाही.

अपवाद एकच, आणि तो भिंतीवर लावून ठेवा. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्याच रक्ताचा स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठीही वापर केला. एका थेंबात किती पेपर! पण २००३ मध्ये जमातीतली एक बाई तिथल्या पीएचडीच्या एका व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, जाऊन बसली आणि तिने विचारलं, याची परवानगी घेतली होती का? प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर मोजावे लागले, उरलेलं रक्तही परत द्यावं लागलं. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी तर त्याहून पुढे जाऊन २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली. ज्यांचा अभ्यास करायचा तेच नियम घालू लागले! तेव्हा व्हायवाचं दार आतून लावून घेत चला.

निष्कर्ष वस्तीला कळवण्याचा आग्रह कुणी धरलाच, तर पेपरची लिंक पाठवा. पेपर इंग्रजीत आणि जर्नलच्या कुलपाआड असतो, त्यामुळे पारदर्शकताही राहते आणि त्रासही होत नाही.

पुढच्या वर्षी नवी बॅच जुनीच प्रश्नावली घेऊन जाईल. पहिल्याच दारातली बाई मुलांना बघताच म्हणेल, “घरात सहा माणसं, शिक्षण चौथी, नळ बाहेर, पाणी दिवसाआड. सही कुठे करू?” मुलांना मध्ये बोलू देऊ नका. एका मिनिटात पूर्ण फॉर्म भरून मिळतोय. अहवालात ‘लोकसहभागात लक्षणीय वाढ’ या मथळ्याखाली तिची नोंद करा.