‘माथा समोर असताना दीड वाजता परत फिरवलं’ या अभिप्रायाला क्लबतर्फे उत्तर

नमस्कार,

आमच्या सुळका चढाईच्या मोहिमेबद्दलचा तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. दिवसभर दोराखाली बसवून ठेवलं, माथा अवघा २५ मीटर राहिलेला आणि आकाश निरभ्र असताना दीड वाजता मागे फिरवलं, साहित्य जुनाट होतं, आमचा एक जण सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडला, अशा तुमच्या तक्रारी आहेत. निम्मं शुल्कही परत मागितलं आहे. सुट्टी काढून हौसेनं आलेल्या माणसाला माथ्याच्या तोंडाशी येऊन परतावं लागलं, याचं आम्हालाही वाईट वाटतं. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

मात्र ‘यांना लवकर आटपून घरी जायचं होतं’ हे तुमचं वाक्य फार लागलं. पुढच्या मोहिमेची नोंदणी करू पाहणारी माणसं ते वाचणार आहेत, आणि आमचे दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट याच नोंदण्यांवर येतात. म्हणून दीडचा हिशेब इथे सगळ्यांसमोर मांडतो.

सुळक्याचे कातळटप्पे दोन. खालचा ३५ मीटरचा, तिथे दोन दोर शेजारी शेजारी लावता येतात. वरचा २५ मीटरचा म्हणजे चिमणी, दोन कातळभिंतींमधली अरुंद उभी फट. दोन्ही भिंतींना पाठ आणि पाय रेटत वर सरकायचं. तिथे दोर एकच लागतो, आणि चढणारा व उतरणारा एका वेळी तिथे मावत नाहीत. म्हणजे शेवटचा माणूस वर पोहोचल्याशिवाय पहिला खाली येऊ शकत नाही. सगळं वेळापत्रक या चिमणीवर ठरतं.

नवख्या माणसाला चिमणीत १५ मिनिटं धरावी लागतात. फिगर ऑफ एटची (आठच्या आकड्यासारखी) गाठ मारून हार्नेसचं बक्कल, गाठ, कॅराबिनरचं (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीचं) लॉक आणि बिले देणाऱ्याचं, म्हणजे दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्याचं, साधन एकमेकांनी तपासायला तीन मिनिटं. प्रत्यक्ष चढाई नऊ मिनिटं. वर सेल्फ अँकर (स्वतःला कातळाशी बांधून ठेवणारा पट्टा) लावून गाठ सोडायची आणि दोर खाली पाठवायचा, त्याला आणखी तीन. ‘पाच मिनिटांचं काम होतं’ असं तुम्ही लिहिलंय. सरावाच्या आरोहकाला पाच पुरतीलही, पण पहिल्यांदा चिमणीत शिरलेला माणूस मध्यावर हमखास अडतो. पाय कमरेपेक्षा वर घेतो आणि मग त्याला पाठ सरकवता येत नाही.

सहभागी १२, म्हणून वरच्या टप्प्याला तीन तास. साडेदहाला सुरुवात, दीडला शेवट, असा बेत होता.

आता उतरण्याचं बघा. आमचे चौघं धरून १६ जण. रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून उतरण्यासाठी, डिसेंडर (उतरण्याचा वेग आवरणारं साधन) लावणं, प्रुसिकचा (भार आल्यावर दोराला घट्ट धरणाऱ्या गाठीचा) आधार देणं, तपासणी आणि उतरणं मिळून माणशी आठ मिनिटं म्हटली तरी दोन तास दहा मिनिटं होतात. शेवटच्या दोघांनी दोर ओढून काढत यायचं, त्याला अर्धा तास. म्हणजे दीडला सुरुवात केली तर सगळे पायथ्याशी ४.१० ला. साहित्य मोजून आवरायला वीस मिनिटं, मग घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, खाली पावणेदोन तास. सव्वासहाला गाडीपाशी. साडेसहाला अंधार पडतो. हाताशी मोकळी मिनिटं पंधरा. एकाचा पाय मुरगळला किंवा दोर ओढताना एखाद्या कपारीत अडकला, की ती गेलीच.

चिमणी प्रत्यक्षात सव्वाअकराला सुरू झाली. जमायची वेळ साडेपाच होती. तुम्ही आणि तुमचे मित्र सव्वासहाला आलात. त्यामुळे दीडपर्यंत नऊ जण वर गेले आणि तिघं राहिले. तिघांची पंधरा मिनिटांप्रमाणे पंचेचाळीस मिनिटं होतात. क्रम ज्याचं हार्नेस आधी तपासून झालं त्याप्रमाणे लागला होता, मुद्दाम कुणाला मागे ठेवलं नव्हतं. राहिलेल्यांपैकी तिसऱ्या सहभागींनी आम्हाला अजून एका शब्दानं दुखावलेलं नाही, आणि ते तर वेळेवर आले होते.

तुम्हा तिघांना वर सोडलं असतं तर १६ माणसं शेवटचा अर्धा तास सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर अंधारात असती. त्या उतारावर एकाच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या डोक्याच्या दिशेनं जातो. सोबत आणायच्या वस्तूंच्या यादीत हेडलॅम्प (डोक्याला बांधायचा दिवा) ठळक अक्षरांत होता. सकाळच्या तपासणीत बारा जणांपैकी पाच जणांकडेच तो निघाला. ‘मोबाइलचा टॉर्च आहे ना’ असं तुम्ही म्हणालात. मोबाइल धरला की एक हात गुंतला, आणि घसाऱ्यावर दोन्ही हात मोकळे लागतात. आकाश निरभ्र असल्यानं यात काहीच बदलत नाही.

डोंगरात माथा गाठला की निम्मंच काम झालेलं असतं. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा माणसं पोहोचली. सात जण वर गेले, उतरताना त्यातले चौघं कोसळून गेले. आपला सुळका तेवढा मोठा नाही, पण ३५ मीटरवरून पडायला मोठा डोंगर लागत नाही.

ओरडण्याबद्दल. दोन टप्प्यांच्या मधल्या जागेवर फोटोसाठी तुम्ही सेल्फ अँकरचा कॅराबिनर काढलात. त्या जागेची रुंदी जेमतेम दोन पावलं आहे आणि पुढे सरळ कडा आहे. वाऱ्यात हळू आवाज पोहोचत नाही, आणि अशा वेळी शब्द निवडायला थांबत नाहीत. आमच्या सहकाऱ्यानं कॅराबिनर परत लागेपर्यंत आवाज चढवला. त्याला आम्ही बोल लावणार नाही.

साहित्याचं म्हणाल, तर दोराचं आवरण मळतं, त्यावर लव येते. त्यावरून दोर बाद होत नाही. प्रत्येक मोहिमेआधी दोर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवून बघतो. कुठे चपटा, कडक किंवा पोकळ लागला, वाकवल्यावर गोल वळण न येता कोन झाला, की तो दोर बाद. आतल्या गाभ्याची इजा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. उलट नव्यासारखी दिसणारी स्लिंगही (शिवलेला पट्ट्याचा फास) मुदत संपली की आम्ही कापून टाकतो, म्हणजे चुकूनही कुणी वापरू नये. कॅराबिनरवर २० किलोन्यूटनच्या पुढचा आकडा कोरलेला असतो, साधारण दोन टन. पण ती ताकद गेट (कडीचं उघडणारं तोंड) बंद असताना, लांबीच्या दिशेनं. गेट उघडं राहिलं तर तोच कॅराबिनर सात-आठ किलोन्यूटनवर येतो. म्हणून रंगापेक्षा लॉककडे बघा, असं आम्ही सकाळी सांगत होतो.

शुल्क परत करता येणार नाही. ते दोर, विमा, प्रवास आणि चार प्रशिक्षित माणसांच्या दिवसाचं आहे. माथ्याची हमी नाही, हे नोंदणी अर्जात सहीच्या वरच लिहिलेलं आहे. गटाची संख्या कमी करता येईल का, यावर आमच्यात बोलणं चालू आहे. परत फिरायची वेळ यापुढे सकाळी गाडीतच सगळ्यांना सांगितली जाईल.

याच सुळक्यावर पुढची मोहीम लागेल तेव्हा राहिलेल्या तिघांना चिमणीत पहिले तीन क्रमांक राखून ठेवू. तुम्ही यावं अशी आमची खरोखर इच्छा आहे, कारण खालच्या टप्प्यावर तुमचे पाय चांगले पडत होते. साडेपाचला जमायचं आहे. हेडलॅम्प आणि जादा सेल आणा.

क्लबच्या वतीनं,
मोहीम समन्वयक