माहितीपटांनी घाबरवलं म्हणून तापमानवाढ पटली?

हवामानबदलाविषयीचा एक मजकूर गेली कित्येक वर्षं या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. शब्द बदलत राहतात, गाभा तोच असतो. लोकांना तापमानवाढ पटली ती पुराव्यांमुळे नाही, माहितीपटांनी घाबरवल्यामुळे. त्यातला सर्वांत गाजलेला माहितीपट ब्रिटनच्या कोर्टाने खोटा ठरवला. त्यातली भाकितं फसली, उपाशी अस्वलाची दृश्यं बनावट निघाली आणि दुसरी बाजू मांडणारे माहितीपट दाबून टाकले गेले. तेव्हा हा सगळा विषयच बनाव आहे, असा त्याचा शेवट.

हा मजकूर साफ खोटा असता तर त्यावर एवढं लिहायची गरज नव्हती. त्यातल्या काही विधानांत खरोखर तथ्य आहे आणि तेवढ्याच्या आधाराने उरलेलं सगळं खपून जातं. माहितीपट आपल्याला कसे पटवतात, कुठे वाजवीपेक्षा जास्त पटवतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणून एकेक विधान नीट तपासू.

‘कोर्टाने खोटा ठरवला’

हा माहितीपट म्हणजे ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रूथ’. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या व्याख्यानावर डेव्हिस गुगेनहाइम यांनी तो बनवला आणि २००६ साली तो प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधल्या सरकारी माध्यमिक शाळांना तो पाठवायचं ठरवलं. शाळेत एकतर्फी राजकीय प्रचार करायला तिथल्या कायद्याने मनाई आहे. तो आधार घेऊन एका शाळेच्या व्यवस्थापन मंडळावरचे गृहस्थ उच्च न्यायालयात गेले. त्यांची मागणी माहितीपट शाळांतून हटवण्याची होती.

ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायमूर्ती बर्टन यांनी निकाल दिला. माहितीपट हटवला गेला नाही. शिक्षकांसाठीच्या सुधारित टिपणासह तो दाखवता येईल, असं ठरलं. हवामानबदलाची कारणं आणि संभाव्य परिणाम यांची त्यातली मांडणी ढोबळमानाने अचूक असल्याचं निकालपत्रातच लिहिलं आहे. तापमान वाढतं आहे, त्यामागे मुख्यतः माणसाने सोडलेले वायू आहेत, हे रोखलं नाही तर गंभीर परिणाम होतील आणि रोखण्याचे उपाय आहेत, ही माहितीपटाची चार मुख्य विधानं संशोधनाने भक्कमपणे सिद्ध झालेली असल्याचं न्यायमूर्तींनी नोंदवलं. फिरणाऱ्या मजकुरात या चारांपैकी एकाचाही उल्लेख नसतो.

उल्लेख असतो तो नऊ चुकांचा. न्यायमूर्तींनी मुख्य प्रवाहातल्या विज्ञानापासून माहितीपट दूर जातो अशा नऊ जागा दाखवल्या होत्या आणि ‘चूक’ हा शब्द त्यांनी स्वतःच अवतरणचिन्हांत ठेवला होता. तरीही या नऊ जागा महत्त्वाच्या आहेत, कारण कॅमेरा नेमका कुठे घसरतो ते त्यांतून कळतं.

समुद्राचं उदाहरण घ्या. ग्रीनलँड किंवा पश्चिम अंटार्क्टिकावरचा बर्फ वितळला तर समुद्र २० फुटांनी वाढेल, असं गोर सांगतात. वाक्य चुकीचं नाही. पण लगेच पडद्यावर फ्लोरिडा, शांघाय, कोलकाता यांच्या नकाशांवर निळं पाणी चढताना दिसतं आणि प्रेक्षकाच्या मनात ते आपल्या हयातीतलं दृश्य होऊन बसतं. न्यायमूर्तींचा आक्षेप इथेच होता: एवढी वाढ व्हायला हजारो वर्षं लागतील. बोलण्यात ‘जर’ असतो, चित्रात तो दाखवता येत नाही, आणि किती काळात हे होईल ते पडद्यावर लिहिलं नाही तर प्रेक्षक स्वतःच्या मनाने काळ ठरवतो. प्रत्यक्षात १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. २१०० पर्यंत ती १९९५ ते २०१४ या काळातल्या सरासरी पातळीपेक्षा साधारण ०.३ ते १ मीटरने वाढेल, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या सहाव्या अहवालात म्हटलं आहे. किनाऱ्यावरच्या कोट्यवधी माणसांसाठी एक मीटरही भयंकर आहे. २० फुटांचं पाणी दाखवायची गरज नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी जागा बर्फात खोलवर छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यांवरून बनवलेल्या साडेसहा लाख वर्षांच्या आलेखाची. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि तापमान एकमेकांच्या हातात हात घालून वरखाली होताना दिसतात. हिमयुगं संपताना तापमान आधी वाढू लागलं आणि कार्बन डायऑक्साइड मागून वाढला, म्हणजे सिद्धान्तच उलटा आहे, असा मुद्दा यावरून काढला जातो. पण त्या वेळी सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षातल्या बदलांनी झाली होती. समुद्र तापू लागला तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत आला आणि त्याने ती ऊब आणखी वाढवली. आज तो वायू आपण थेट हवेत सोडतो आहोत. हे संबंध गुंतागुंतीचे आहेत, असं गोर माहितीपटात एका वाक्यात म्हणतात आणि पुढे जातात. तिथे दोन मिनिटं जास्त दिली असती तर पुढची बरीच दिशाभूल टळली असती.

‘भाकितं फसली’

एक भाकीत फसलं हे खरं आहे. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावरचा बर्फ दहा वर्षांत नाहीसा होईल, असं माहितीपट सांगतो. तिथल्या हिमनद्या आक्रसत आल्या आहेत, पण दहा वर्षांनंतर तिथे बर्फ होता. शिवाय तो कमी होण्यामागे हवेतल्या कोरडेपणासारखी इतर कारणंही असल्याने तापमानवाढीचं उदाहरण म्हणून ती निवडच कच्ची होती.

सर्वांत जास्त फिरणारं भाकीत मात्र माहितीपटात नाहीच. ‘२०१४ पर्यंत उत्तर ध्रुवावरचा बर्फ संपेल असं गोर म्हणाले होते’ हे वाक्य येतं ते डिसेंबर २००९ मधल्या कोपनहेगनच्या हवामान परिषदेतल्या भाषणातून. उन्हाळ्यातल्या काही महिन्यांत पाच ते सात वर्षांत बर्फ पूर्ण नाहीसा होण्याची शक्यता ७५ टक्के आहे, असं ते एका शास्त्रज्ञाच्या हवाल्याने म्हणाले आणि असा आकडा आपण देणार नाही, असं त्या शास्त्रज्ञाने लगेच सांगितलं. ते विधान चुकीचंच होतं. माहितीपटात याच गोष्टीसाठी ५० ते ७० वर्षांचा काळ दिला आहे.

तापमानवाढ मानणाऱ्यांकडूनही अशी ओढाताण होते. २०१२ साली सँडी वादळात न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेत पाणी शिरलं तेव्हा ‘गोर यांचं भाकीत खरं ठरलं’ असा गाजावाजा झाला. माहितीपटातल्या नकाशात तिथे पाणी पोचतं ते बर्फ वितळून समुद्र वाढल्यामुळे. सँडीत ते आलं वादळाच्या लाटेमुळे. समुद्राची पातळी वाढल्याने अशी लाट आणखी आत येते हे बरोबर, पण त्यामुळे जुना नकाशा खरा ठरत नाही. आपल्या बाजूचा आहे म्हणून अशा युक्तिवादाला सूट देऊ नये.

‘दृश्यं बनावट असतात’

डिसेंबर २०१७ मध्ये हाडांचा सापळा झालेल्या एका ध्रुवीय अस्वलाची चित्रफीत जगभर पसरली. कॅनडाच्या उत्तरेकडे ती चित्रित झाली होती. अस्वल खरं होतं, त्याची उपासमारही खरी होती. चूक होती चित्रफितीसोबतच्या ओळीत: हवामानबदल असा दिसतो, असं नॅशनल जिऑग्राफिकने लिहिलं होतं. पण ते अस्वल आजारी होतं की म्हातारं की जखमी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी आपण मर्यादा ओलांडली, असं नियतकालिकाने स्वतःच छापलं. एका प्राण्याच्या मृत्यूवरून हवामानाबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि कारण ठाऊक नसताना ते ठामपणे सांगणं म्हणजे प्रेक्षकाचा विश्वास उधळणं.

आणखीही उदाहरणं आहेत. ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रूथ’मधलं बर्फाच्या कड्यावरून जाणारं एक दृश्य ‘द डे आफ्टर टुमॉरो’ या काल्पनिक चित्रपटासाठी संगणकावर तयार केलेलं होतं. बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ मालिकेतली अस्वलाच्या पिल्लांची गुहेतली दृश्यं प्राणिसंग्रहालयात घेतली होती. बीबीसीने ते संकेतस्थळावर सांगितलं होतं, निवेदनात नाही. माझ्या मते असं दृश्य पडद्यावर असतानाच तसं लिहिलं गेलं पाहिजे.

पण याच कॅमेऱ्याने मजबूत पुरावाही गोळा केला आहे. छायाचित्रकार जेम्स बेलॉग यांनी २००७ मध्ये ग्रीनलँड, आइसलँड, अलास्का आणि माँटाना इथल्या हिमनद्यांसमोर आपोआप चालणारे कॅमेरे रोवले. जागा तीच, चौकट तीच, वर्षानुवर्षं ठरावीक अंतराने एकेक छायाचित्र. हिवाळ्यात यंत्रं गोठली, बंद पडली, पुन्हा नव्याने उभारावी लागली. ‘चेसिंग आइस’ या २०१२ च्या माहितीपटात ही छायाचित्रं सलग दिसतात तेव्हा हिमनदी मागे सरकताना डोळ्यांनी पाहता येते. पार्श्वसंगीत बंद केलं तरी तिचं सरकणं तेवढंच राहतं.

त्याच माहितीपटात २८ मे २००८ रोजी ग्रीनलँडच्या इलुलिसात हिमनदीचं टोक ७५ मिनिटं तुटत राहिल्याचं चित्रण आहे. सुमारे ७.४ घन किलोमीटर बर्फ समुद्रात कोसळला. पाहताना छाती दडपते. तरीही समुद्राला भिडलेल्या हिमनद्यांचे तुकडे तुटतच असतात, एकदा तुटल्याने तापमानवाढ सिद्ध होत नाही. पुरावा आहे तो त्यानंतर दाखवलेल्या मोजणीत: आधीच्या शंभर वर्षांत ही हिमनदी जेवढी मागे गेली, त्याहून थोडी जास्तच पुढच्या दहा वर्षांत गेली. इथे कोसळणाऱ्या बर्फाने प्रेक्षकाला थांबवलं आणि मोजणीने त्याला पटवलं. माहितीपटाने दोन्ही दाखवलं, हे त्याचं श्रेय.

‘दुसरी बाजू दाबली’

‘द ग्रेट ग्लोबल वॉर्मिंग स्विंडल’ हा विरोधी माहितीपट मार्च २००७ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर, म्हणजे देशव्यापी वाहिनीवर, रीतसर दाखवला गेला. तक्रारी आल्या त्या त्यानंतर. समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श यांचं म्हणणं होतं की त्यांच्या मुलाखतीचा अर्थ संकलनात फिरवला गेला. २००८ मध्ये प्रसारण नियामक ऑफकॉमने वुन्श, ब्रिटिश सरकारचे मुख्य विज्ञान सल्लागार राहिलेले सर डेव्हिड किंग आणि आयपीसीसी यांना अन्याय्य वागणूक मिळाल्याचा निर्णय दिला. प्रेक्षकांची हानी होईल इतकी दिशाभूल झाली, असं मात्र ऑफकॉमने म्हटलं नाही, तेही इथे नोंदवायला हवं. बंदी आली नाही.

‘घाबरवून पटवलं’

आता मूळ दावा. आधी काळाचा क्रम बघा. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचा हिशेब स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अरेनियस यांनी १८९६ मध्ये मांडला. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर या वायूची सलग मोजणी १९५८ पासून सुरू आहे. नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांची तापमानवाढीबद्दलची अमेरिकी सिनेटपुढची साक्ष आणि आयपीसीसीची स्थापना दोन्ही १९८८ च्या. रिओचा हवामान करार १९९२ चा, क्योटोचा १९९७ चा. गोर यांचा माहितीपट आला २००६ मध्ये.

भीतीच्या परिणामाबद्दल तर संशोधन मजकुराच्या अगदी उलट सांगतं. ब्रिटनमधल्या सॅफ्रन ओ’नील आणि सोफी निकोल्सन-कोल यांचा २००९ चा अभ्यास आहे. भयावह चित्रांकडे लोकांचं लक्ष जातं, पण आपण यात काही करू शकतो असं त्यांना वाटत नाही, उलट ते विषयापासून दूर सरकतात, असं या दोघींना आढळलं. जेसिका नोलन यांनी ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रूथ’च्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. माहिती वाढली, काळजी वाढली, बदलायची तयारीही वाढली. महिन्याभराने पाहिलं तर त्या तयारीचं कृतीत रूपांतर झालेलं नव्हतं.

ग्रँट जेकबसन यांनी पैशांचा माग काढला. आपल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून लोक स्वेच्छेने कार्बन ऑफसेट विकत घेतात. माहितीपट लागला होता त्या भागांपासून दहा मैलांच्या आत ही खरेदी प्रदर्शनानंतरच्या दोन महिन्यांत इतर भागांच्या तुलनेत ५० टक्क्यांनी वाढली. एक वर्षानंतर त्याच लोकांनी पुन्हा खरेदी केल्याचा पुरावा जवळपास मिळाला नाही. मनावर कायमचा ताबा मिळवणाऱ्या प्रचाराची ही लक्षणं नव्हेत. ज्यांना या कामाची तळमळ आहे त्यांनाच खरं तर हे आकडे बोचायला हवेत.

‘द एज ऑफ स्टुपिड’ या २००९ च्या ब्रिटिश माहितीपटाबाबतही असंच दिसलं. रेचेल हॉवेल यांच्या अभ्यासात पाहिल्या पाहिल्या प्रेक्षकांची काळजी आणि उमेद दोन्ही वाढली, पण १० ते १४ आठवड्यांनी तो जोर टिकलेला नव्हता. मात्र दिग्दर्शिका फ्रॅनी आर्मस्ट्राँग माहितीपटावर थांबल्या नाहीत. त्यांनी १०:१० ही मोहीम काढली: २०१० सालात आपलं उत्सर्जन १० टक्क्यांनी कमी करा. काम ठरलेलं, मुदत ठरलेली. मे २०१० मध्ये नव्या ब्रिटिश सरकारने आपल्या केंद्रीय खात्यांसाठी १२ महिन्यांत तेवढी घट करायचं मान्य केलं.

त्याच ऑक्टोबरमध्ये मोहिमेने एक लघुपट काढला. सहभागी व्हायला नकार देणाऱ्या शाळकरी मुलांच्या चिंधड्या उडताना त्यात दाखवल्या होत्या. इतका संताप उसळला की त्याच दिवशी तो मागे घेऊन माफी मागावी लागली. सरकारी खात्यांचं काम मात्र चालूच राहिलं, आणि २०११ मध्ये त्यांनी १० टक्क्यांहून जास्त घट झाल्याचं जाहीर केलं.