नान्नजला उतरायचं, मार्डीला चढायचं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली काही वर्षं एकच भांडण चालू आहे, विषय तेवढा बदलतो. जून २०२३ मध्ये सोलापूरच्या विमानांना अडसर म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा दादा एकीकडं आणि काका दुसरीकडं. २०२५ मध्ये सोलापुरातून गोव्याचं विमान उडालं तेव्हा दोघांनी मिळून फटाक्यांचे इमोजी टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून विमानाच्या वेळांवरून पुन्हा जुंपली. मधूनच कुणीतरी मला ओढतं, ‘तुमच्याकडं कसं असतं गं?’

आमच्याकडं म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेला, ईलीजवळच्या एका खेड्यात. तिथं मी अठरा वर्षं राहते आणि माझ्याकडं गाडी नाही. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाले, मग नाद सोडला. तर मी ग्रुपवर खरं ते लिहिते: शनिवारी बसनं एका गावाला जाते, तिथून शेताशेतातून चालत दुसऱ्या गावाला आणि तिथून बसनं घरी. यावर ग्रुप गप्प होतो. मग काकांचा एक अंगठा.

हा मुलूख फेन्सचा. सतराव्या शतकात दलदल उपसून काढलेली जमीन, भाकरीच्या तव्यासारखी सपाट, माती काळी. पाऊस पडून गेला की बुटाला अशी चिकटते की मला डोळे मिटून दक्षिण सोलापूर आठवतं. डोंगर नाही, धबधबा नाही, फोटो काढावा असं फारसं काही नाही. कालवा, बीट, गहू आणि वरती हे एवढं आभाळ. ईलीचं कॅथेड्रल मैलोन्‌मैल दिसत राहतं. लोक त्याला फेन्सचं जहाज म्हणतात. सपाट मुलखात चालणाऱ्याला अशी एक उभी खूण लागतेच. चिमणी पाडली ते बरोबर की चूक, त्यात मी पडत नाही, पण सुट्टीवर आले की होटगी रोडच्या बाजूनं ती दिसली की गाव आलं असं वाटायचं, एवढं खरं.

दादाचं म्हणणं असं की तिकडच्या लोकांना शिस्त आहे म्हणून तिकडं असलं चालणं जमतं. मला हे पटत नाही. तिथं वाट टिकली ती कायद्यानं आणि कटकट्या माणसांमुळं. १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक काउंटीला सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा आहेत आणि त्यातल्या कितीतरी खाजगी शेतातून जातात. शेतकऱ्यानं नांगरट केली तरी पेरणीच्या पहिल्या मशागतीनंतर चौदा दिवसांत वाट पुन्हा करून द्यायची, पीक मधोमध असेल तर निदान एक मीटर रुंद. सगळे शेतकरी हे हसत करतात असं नाही. मक्याच्या रानात वाट हरवून मी तासभर घामाघूम झालेली आहे. मग कुणीतरी निवृत्त मास्तर कौन्सिलला पत्र लिहितो, पुन्हा लिहितो, आणि पुढच्या वर्षी वाट सापडते.

आणि बस? तिथल्या बसचं कौतुक मी करणार नाही. २०२३ पासून एका फेरीच्या तिकिटाला दोन पौंडांची कमाल मर्यादा घातली, २०२५ पासून ती तीन पौंड झाली, हे चांगलंच. पण आमच्या गावातून शेवटची बस सहाच्या आत जाते आणि रविवारी बस नाहीच. एकदा पाच मिनिटांनी चुकली तेव्हा शेजारणीला फोन करून गाडी मागवावी लागली, आणि वाटभर तिनं मला ड्रायव्हिंग शिकण्याचे फायदे सांगितले.

गेल्या डिसेंबरात सोलापूरला आले तेव्हा ठरवलं की इथंही करून बघायचं. सकाळी स्टँडवरून बार्शीची लाल गाडी धरली. कंडक्टरनं न विचारता अर्धं तिकीट दिलं. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धंच आहे. नान्नजला उतरले. इथं माळढोकचं अभयारण्य, १९७९ चं. माळढोक आता दिसेल अशी आशा कुणी धरत नाही, मीही धरली नाही. अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणून मी बाहेरच्या वाटेनं मार्डीकडं निघाले. दोन-अडीच तासांची चाल. एका बाजूला गवताचा माळ, दुसऱ्या बाजूला निसवायला आलेली ज्वारी, मधे द्राक्षबागा. काळविटांचा एक कळप ज्वारीतून निघून माळात गेला, अगदी आरामात. ते मला देखणं वाटलं. बांधावरच्या माणसाला वाटलं नाही, कारण ज्वारी त्याची होती.

त्यानंच विचारलं, ‘ताई, कुणाच्यात आलाव?’

म्हटलं, कुणाच्यात नाही, चालायला आलेय.

‘गाडी बंद पडली का?’

गाडी नाहीच म्हटल्यावर त्यानं पोराला हाक मारली आणि मला मोटारसायकलवरून मार्डीला सोडायला सांगितलं. नको नको म्हणताना नाकी नऊ आले. अठरा वर्षांत फेन्समध्ये मला कुणी ‘कुठं चाललीस’ असं विचारलेलं नाही. तिकडच्या मैत्रिणींना हा किस्सा सांगितला की त्या म्हणतात, किती छान! छान आहेच. पण एकटी बाई विनाकारण शेतातून जाते आहे, याला दर अर्ध्या मैलावर उत्तर द्यावं लागलं की चालण्यातलं निम्मं चालणं उत्तरातच जातं, हेही खरं. तिसऱ्या माणसाला मी सरळ सांगितलं, मार्डीच्या यमाईच्या दर्शनाला चाललेय. लगेच वाट मोकळी. पुढं त्यानं वळणही नीट समजावून दिलं.

ते वळण महत्त्वाचं होतं, कारण तिथली पाणंद निम्मी उरली होती. दोन्ही बाजूंच्या बांधांनी ती खात खात इतकी आणली होती की बैलगाडी सोडा, मी पदर सावरत गेले. फेन्समध्ये गुरं हाकायच्या जुन्या रुंद वाटांना ड्रोव्ह म्हणतात. पाणंदच ती. फरक एवढाच, की तिथली ड्रोव्ह अजून रुंद आहे.

कागदावर आपण इंग्रजांच्या मागं नाही. आपल्या गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुबार रेषेनं आणि पायमार्ग तुटक एका रेषेनं दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे, म्हणजे त्यांच्या एक मीटरच्या अडीचपट! वाट अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडं जाता येतं, बांधावरून नवी वाट हवी असेल तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण तहसीलदाराकडं कोण जातं? ज्याचा ट्रॅक्टर अडला तो, ज्याचा ऊस फडातून निघेना तो. नुसतं चालायला वाट हवी म्हणून अर्ज केल्याचं मी तरी ऐकलं नाही. केला तर कारकून आधी सातबारा मागेल.

पाणंद रस्त्यांचा सध्याचा वाद याच वळणाचा आहे. २०२१ मध्ये त्यासाठी मातोश्रींच्या नावानं योजना आली, अतिक्रमणं काढा, मुरूम टाका, खडीकरण करा. दादाला हे सगळं पैसे खायचं कुरण वाटतं. मला वाटत नाही. पावसाळ्यात चिखलातून शाळेला जाणाऱ्या पोरीला खडीचा रस्ता हवाच, आणि परदेशातून येऊन ‘वाट कच्चीच ठेवा, मला चालायला बरी’ असं म्हणणाऱ्या बाईला गावानं हाकलून द्यावं. माझी तक्रार वेगळी आहे. रस्ता होईल तो दुबार रेषेचा. एका तुटक रेषेची जी वाट कुणाच्याच ट्रॅक्टरला नको आहे, ती कुणी मागत नाही म्हणून बांधात जाईल.

आणि चालणं सोलापूरला नवं आहे का? कोजागरीला इथून तुळजापूरपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर माणसं रात्रभर चालतात. तेव्हा त्या रस्त्यावरची वाहनं दुसरीकडं वळवतात, आणि बाया एकट्यादुकट्या, अनवाणी जातात, त्यांना कुणी विचारत नाही. आषाढीत तर अख्खा जिल्हाच वाट होतो. म्हणजे सपाटीवर, गाडीविना, लांब चालायचं आपल्याला इंग्रजांकडून शिकायचं नाही. देवाचं नाव असलं की चालतं. मंगळवारी दुपारी, उगीच, चालत नाही. ट्रेकिंग म्हणजे सह्याद्री, आणि सह्याद्री म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, पहाटे तीनला निघणं. घरापासून वीस किलोमीटरवरचा माळ ‘तिथं काय आहे बघायला’ या एका वाक्यात निकालात निघतो.

मला खरं हवं आहे ते थोडकं आहे. नान्नजच्या थांब्यावर परतीच्या गाड्यांच्या वेळांची एक पाटी, आणि मार्डीतही तशीच. त्या दिवशी मार्डीला गाडी कधी येईल हे पानटपरीवाल्यानं सांगितलं, ‘येईल की’. आली पाऊण तासानं. तोवर यमाईचं दर्शन झालं, त्यामुळं खोटंही खरं झालं. एसटीला हात केला की थांबते, गावोगाव मुक्कामाची गाडी असते, आमच्या केंब्रिजशरला यातलं काही नाही. आपल्याकडं गाडी आहे, फक्त ती कधी हे गावालाच ठाऊक.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांचा अंगठा आला. दादानं फोन केला. पुढच्या डिसेंबरात तोही येणार आहे म्हणे चालायला.

‘गाडी नान्नजला लावू,’ म्हणाला, ‘एसी चालू ठेवतो ड्रायव्हरला सांगून.’

‘मग परत गाडीपाशीच यावं लागेल की रे.’

‘यायचं की. त्यात काय?’

म्हटलं, तू गाडी घरी ठेव, तुला पूर्ण तिकीट पडेल ते मी काढते.

यावर तो अजून विचार करतो आहे.