कोणाच्या हाताखाली?

सप्रेम नमस्कार.

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मायदेशी काही आठवड्यांसाठी किंवा काही वर्षांसाठी परत जाणाऱ्या डॉक्टर, अभियंते आणि शिक्षकांविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, कारण पहिल्या वाचनात तिचा सूर बोचला आणि मुद्दा निसटला. आपले म्हणणे थोडक्यात असे, की हे लोक स्वयंसेवक नसून पाहुणे आहेत. एका खिशात परदेशी पासपोर्ट आणि दुसऱ्या खिशात स्थानिक माणसाच्या कित्येक पट मानधन घेऊन ते येतात, मागे राहिलेल्यांना शहाणपण शिकवतात आणि गोळीबार सुरू झाला की पहिल्या विमानाने निघून जातात. शिवाय ज्या युद्धाचे ढिगारे उपसायला ते येतात, त्या युद्धाला पैसा पुरवणारेही बहुधा तेच असतात. ‘तेव्हा पैसेच पाठवा, माणसे कशाला?’ असे विचारून आपण शेवटी लिहिले आहे, की घरबसल्या याला ‘त्याग’ म्हणण्याआधी लेखिकेने मागे राहिलेल्यांचा विचार करायला हवा होता.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. युद्ध मी पाहिलेले नाही. जे लिहिले ते वाचनाच्या आधारे लिहिले. ‘त्याग’ हा शब्द त्या लेखात चार ठिकाणी आला आहे आणि आपली प्रतिक्रिया वाचल्यावर त्यातली एकही जागा मला समर्थनीय वाटत नाही. ज्या परिचारिकेने पाण्याविना, विजेविना, कित्येक महिने पगाराविना रुग्णालय चालू ठेवले, तिच्या शेजारी महिनाभराची रजा काढून आलेल्या शल्यविशारदाचा त्याग मांडणे हे औचित्याला सोडून होते. तो शब्द मी मागे घेते.

अफगाणिस्तानाविषयी आपण जे लिहिले आहे, ते मला बहुतांशी मान्य आहे. डिसेंबर २००१ मधल्या बॉन करारानंतर (तालिबान हटल्यावर अफगाणिस्तानचे अंतरिम सरकार ठरवणारा करार) युरोप-अमेरिकेतून परतलेले अफगाण काबूलच्या मंत्रालयांत दिसू लागले आणि त्यांच्यासाठी लोकांच्या तोंडी एक शब्द बसला, ‘सगशुई’, म्हणजे कुत्री धुणारे. परदेशात साहेबांची कुत्री धुऊन पोट भरणारे आता आमच्यावर साहेबी करायला आले, असा त्यातला टोला होता. तो सगळ्यांच्या बाबतीत न्याय्य होता असे नाही, पण त्यामागचे कारण खोटे नव्हते. सरकारी कारकुनाला महिन्याला ५० डॉलरच्या आसपास पगार मिळत असताना, त्याच खोलीतल्या दुसऱ्या टेबलावर देणगीदारांच्या पैशातून नेमलेला सल्लागार बसे आणि त्याचे मानधन हजारांत असे. फाइल पहिला माणूस शोधून आणी, टिपण दुसरा लिही आणि मंत्र्यासमोर दुसराच उभा राही. पहिल्याने मग काय करावे? अनेकांनी केले ते असे, की सरकारी नोकरी सोडून परदेशी संस्थांकडे दुभाषे किंवा वाहनचालक म्हणून काम धरले, कारण तिथे इंग्रजी येणाऱ्या चालकाला अभियंत्यापेक्षा अधिक पैसे मिळत. सरकारी यंत्रणा उभी करण्यासाठी आणलेल्या पैशाने त्याच यंत्रणेतली माणसे पळवली आणि या प्रकाराला पुढे ‘दुसरी नोकरशाही’ असे नावही पडले.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवते. ‘परतलेले’ हा शब्द आपण दोघांनीही फार तोकड्या अर्थाने वापरला आहे. एकट्या २००२ या वर्षात पाकिस्तान आणि इराणमधून १८ लाखांहून अधिक अफगाण निर्वासित मायदेशी आले. पडकी घरे, बुजलेले कालवे आणि वाळलेल्या बागा त्यांनी कोणत्याही मानधनाविना पुन्हा उभ्या केल्या, पण त्यांना कोणी स्वयंसेवक म्हणत नाही. माझ्या लेखात त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती.

आता आपल्या पासपोर्टाच्या मुद्द्याकडे येते, कारण माझा खरा मतभेद येथेच आहे. दुसरे नागरिकत्व असलेला माणूस संकटात टिकत नाही, हे गृहीत अफगाणांच्या २००४ च्या राज्यघटनेतही उतरले होते. मंत्रिपदासाठी सुचवलेल्या व्यक्तीकडे दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व असेल, तर तिला स्वीकारायचे की नाकारायचे हे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ठरवावे, अशी तरतूद तिच्या ७२व्या कलमात होती. परंतु जागतिक बँकेतली नोकरी करून परतलेल्या आणि २००२ ते २००४ या काळात अर्थमंत्री राहिलेल्या अश्रफ घनी यांनी २००९ ची अध्यक्षीय निवडणूक लढवताना अमेरिकी नागरिकत्व सोडले होते. पुढे ते अध्यक्ष झाले आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी, तालिबान काबूलच्या वेशीवर आले असताना, देश सोडून गेले. त्यांच्या खिशात दुसरा पासपोर्ट नव्हता, तरी विमान होतेच. पासपोर्ट पाहून माणसाची पारख करायची ठरवली, तर हे उदाहरण कोणत्या रकान्यात घालावे ते मला कळत नाही.

याच्या उलट हर्गेसा पाहा. १९८८ मध्ये सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांच्या राजवटीने सोमालीलँडच्या, म्हणजे सोमालियाच्या वायव्य भागातल्या, या शहरावर बॉम्बफेक केली, तीही शहराच्याच विमानतळावरून उडालेल्या विमानांतून. शहराचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला आणि लोक इथिओपियाकडे पळाले. एडना अदान इस्माईल या १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये शिकलेल्या सोमाली परिचारिका आणि सुईण. जागतिक आरोग्य संघटनेतली नोकरी संपवून त्या परतल्या आणि आयुष्यभराची बचत व निवृत्तिवेतन घालून त्यांनी प्रसूतिगृह बांधायला घेतले. सरकारने त्यांना जी जागा दिली ती कचरा टाकायची होती. मला या हकिगतीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कामाचा क्रम. शहरातल्या प्रशिक्षित परिचारिका युद्धात मेल्या होत्या किंवा देशोधडीला लागल्या होत्या. एडना यांनी बाहेरून परिचारिका मागवल्या नाहीत. इमारत अर्धवट असतानाच, २००० साली, ३० हून अधिक स्थानिक मुली निवडून त्यांचे शिक्षण सुरू केले. मार्च २००२ मध्ये २५ खाटांचे रुग्णालय उघडले, तेव्हा त्यात दोन शस्त्रक्रियागृहे होती आणि परिचारिका व सुईणींच्या प्रशिक्षणासाठी एक संपूर्ण भाग राखलेला होता.

आपण म्हणाल, एक एडना सापडल्या म्हणून सगळ्यांचे पाप धुतले जात नाही, आणि ते बरोबर आहे. मी त्यांचा दाखला दिला तो त्यांच्या थोरवीसाठी दिलेला नाही. घनी आणि एडना दोघेही परदेशात शिकलेले, दोघेही आंतरराष्ट्रीय संस्थांत नोकरी केलेले, दोघेही परतलेले. तेव्हा ‘बाहेरून आलेला’ या एका खुणेने काहीच ठरत नाही. मला पाहावेसे वाटते ते हे, की परतलेला माणूस कोणाच्या हाताखाली काम करतो आणि त्याच्या हाताखाली कोण तयार होते. मंत्रालयातल्या त्या दोन टेबलांचा दोष सल्लागार परदेशातून आला हा नव्हता. कारकुनाचा वरिष्ठ त्या सल्लागाराला जाब विचारू शकत नव्हता, कारण सल्लागाराचा पगार आणि त्याचा अहवाल दोन्ही देणगीदाराच्या दारी जात होते, हा होता. सत्ता हाती घेऊन परतणाऱ्यांचा प्रश्न तर आणखी निराळा. रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर युगांडातून परतलेल्या पिढीकडे राज्य आले आणि २००८ मध्ये शाळांचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करण्याचा निर्णय झाला. तो बरा की वाईट यावर वाद घालता येईल, पण तो स्वयंसेवकांचा निर्णय नव्हे, राज्यकर्त्यांचा होता. आपल्या प्रतिक्रियेत हे दोन वर्ग एकमेकांत मिसळले आहेत, असे मला वाटते.

स्वयंसेवकांसाठी जुनी व्यवस्था म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची ‘टोकटेन’ (परदेशस्थ नागरिकांमार्फत ज्ञान मायदेशी पोचवण्याची) योजना पाहता येते. ती १९७७ मध्ये तुर्कस्तानात सुरू झाली आणि पुढे लेबनॉन, पॅलेस्टाइन, रवांडा, लायबेरिया अशा ठिकाणी वापरली गेली. परदेशस्थ तज्ज्ञाने काही आठवडे ते काही महिने मायदेशी काम करायचे, त्याला सल्लागाराचे मानधन मिळणार नाही, प्रवास आणि निर्वाह यांचा खर्च तेवढा मिळेल, अशी तिची मूळ कल्पना. या योजनेतही ढिसाळपणा शिरतो. कोण हवा आहे हे रुग्णालयाने सांगण्याऐवजी, कोण यायला तयार आहे हे पाहून काम शोधले जाते. तरीही मानधनाबद्दलच्या आपल्या आक्षेपाला तिच्या रचनेतच उत्तर आहे.

अल्पकाळाच्या भेटींवरचा आपला राग मला अर्धाच पटतो. दहा दिवसांसाठी आलेला शल्यविशारद रोज चार शस्त्रक्रिया स्वतः उरकतो, छायाचित्रे निघतात आणि तो जातो. नंतर कोणाचा टाका पिकला, कोणाला रक्तस्राव झाला, तर रात्री दोन वाजता उठवले जाते ते स्थानिक डॉक्टराला, ज्याला त्या शस्त्रक्रियेत काय केले होते हेही धड ठाऊक नसते. याला मदत म्हणणे कठीण आहे. पण तोच शल्यविशारद टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला, सुरी स्थानिक डॉक्टराच्या हाती दिली, दहा दिवसांत चाळीसऐवजी बाराच शस्त्रक्रिया झाल्या, आणि सहा महिन्यांनी तो त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांकडे पुन्हा आला, तर दहा दिवस थोडे आहेत म्हणून त्याला पर्यटक म्हणता येणार नाही.

शिवाय अधिक काळ राहणे अनेकांच्या हातात नसते, हे आपण लक्षात घ्यावे. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असद राजवट कोसळल्यावर परदेशांतल्या सीरियन डॉक्टरांना मायदेशी जावेसे वाटले, पण निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेला माणूस मायदेशी जाऊन आला, तर जर्मनीसारख्या देशात ते संरक्षणच धोक्यात येते. तुर्कस्तानने १ जानेवारी ते १ जुलै २०२५ या काळात कुटुंबातल्या एका व्यक्तीला तीन वेळा जाऊन येण्याची मुभा दिली, ती याच अडचणीतून वाट काढण्यासाठी. ज्याला आपण ‘परतीचे तिकीट खिशात ठेवून येणारा’ म्हणता, त्याच्या मुलांची शाळा आणि घर पुष्कळदा त्या तिकिटावर टांगलेले असते.

युद्धाला पैसा पुरवण्याचा आपला मुद्दा मी टाळणार नाही. अर्थतज्ज्ञ पॉल कॉलियर आणि आन्के हॉफ्लर यांनी यादवी युद्धांचा अभ्यास करताना असे मांडले, की परदेशस्थ समाज मोठा असेल तर थांबलेले युद्ध पुन्हा पेटण्याचा धोका वाढतो. लांबून लढणाऱ्याला गोळी लागत नाही, त्यामुळे त्याचा कडवेपणा ओसरत नाही, हे समजण्यासारखे आहे. हर्गेसाही याला अपवाद नाही: बारे यांच्याविरुद्ध लढलेली सोमाली राष्ट्रीय चळवळ १९८१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली आणि परदेशांतल्या सोमालींच्या वर्गणीने तिला बळ दिले. पुढे त्याच समाजाच्या पैशाने घरे, शाळा आणि दवाखाने उभे राहिले. एकाच हाताने दोन्ही केले, आणि त्यातले दुसरे काम पहिल्यामुळे रद्द ठरवायचे की देणे म्हणून मागून घ्यायचे, हे हर्गेसात राहणाऱ्यांनी ठरवावे. आपण किंवा मी नव्हे.

राहिला आपला प्रश्न: पैसेच पाठवा, माणसे कशाला? पैसे जातातच. सोमालींच्या घरांत परदेशातून दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम पोचते. तीतून भाडे, धान्य, शाळेची फी भागते. नवजात बालकाची काचपेटीही (इन्क्युबेटर) त्या पैशाने विकत घेता येते. परंतु तिचा तापमान मोजणारा भाग बिघडला आहे हे ओळखायला आणि हाताशी असलेल्या सुट्या भागांतून तो दुरुस्त करायला शिकवणारा कोणीतरी शेजारी उभा असावा लागतो. तो शेजारच्या देशातून आला तरी माझी हरकत नाही. भाषा येत असेल तर बरेच.

मूळ लेखातून ‘त्याग’ हा शब्द चारही ठिकाणांहून मी काढला आहे आणि २००२ मध्ये परतलेल्या अफगाण निर्वासितांवर एक परिच्छेद जोडला आहे. काबूलच्या मंत्रालयांवरचा भाग फार सौम्य झाला होता, तो नव्याने लिहीत आहे. आपली हरकत नसेल, तर ‘मागे राहिलेल्यांचा विचार करायला हवा होता’ हे आपले वाक्य त्या भागाच्या आरंभी, आपलेच म्हणून, घालावे अशी माझी इच्छा आहे. तसे कळवावे.