गाडी कुणी ठोकली आणि ड्यूटी कुणी लावली

लष्करातल्या ड्रायव्हरला झालेली एक छोटी शिक्षा न्याय्य होती का, यावरून आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. शिक्षा झाली माझ्या आतेभावाला. तो एमटी ड्रायव्हर आहे, म्हणजे पलटणीच्या मोटर ट्रान्स्पोर्टमधला. रात्री पेशंटला घेऊन तो लष्करी हॉस्पिटलात गेला, परतायला पहाटेचे तीन वाजले, आणि सकाळच्या फॉलिनला, म्हणजे हजेरीला, रेशनच्या गाडीवर पुन्हा त्याचंच नाव. को-ड्रायव्हरला ऐनवेळी दुसऱ्या कामावर पाठवलं होतं. स्टोअरपाशी गाडी मागे घेताना मागचा कोपरा खांबाला लागला. दिवा फुटला, पत्रा चेपला, कुणाला खरचटलंही नाही. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ६३ खाली चार्ज लागला, म्हणजे शिस्तीला बाध आणणारं वर्तन. टोपी-बेल्ट उतरवून सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांसमोर सुनावणीसाठी मार्च-अप, सात दिवस लाइन्समध्ये (बराकींच्या आवारात) बंदी आणि नुकसानीची पगारातून कपात.

माझे काका निवृत्त सुभेदार. त्यांचं म्हणणं, शिक्षा योग्यच झाली. “मागे बघायला माणूस नसेल तर गाडी रिव्हर्स घ्यायचीच नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्याने खाली उतरून कुणाला तरी हाक मारायची होती.” घरातली तरुण मंडळी उलट बोलतात: रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला सकाळी परत चाकावर बसवलं, तेव्हाच चूक झाली. मी इथे नेदरलँड्समध्ये बसून दोघांचं ऐकते. काकांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. मागे माणूस उभा न करता गाडी हलवणं ही चूकच आहे, आज खांब होता, उद्या मूल असेल. पण त्या चुकीत दोन हात होते आणि शिक्षा एकाच हाताला झाली, हे मला मान्य नाही.

मला हे इतकं बोचतं त्याचं कारण माझं काम. मी रॉटरडॅमजवळ एका मालवाहतूक कंपनीत ट्रकच्या फेऱ्या लावते. युरोपीय संघाच्या २००६ च्या ५६१ क्रमांकाच्या नियमानुसार ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रावर नोंदलं जातं. त्याच नियमात पुढे असंही आहे की ड्रायव्हरने तासांचा भंग केला तर वाहतूक कंपनीही जबाबदार. त्यामुळे तपासणी आली की ड्रायव्हरचं कार्ड बघून झाल्यावर प्रश्न माझ्या टेबलापर्यंत येतो: ही फेरी कुणी लावली, मधे झोपायला वेळ होता का? एखादी फेरी दोन तासांनी पुढे ढकलावी लागली की गिऱ्हाईक फोनवर ओरडतं, ते मी ऐकून घेते. थकलेल्या माणसाच्या हाती चाळीस टन देण्यापेक्षा ते ओरडणं बरं.

मात्र इथलं सगळं आदर्श आहे असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. हाच नियम सैन्याच्या गाड्यांना स्पष्टपणे वगळतो. युरोपातही सैन्याच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरला या तासांचा आधार नाही. त्याचं कारणही मला कळतं. बर्फ पडायच्या आत झोजिलापलीकडे माल पोचवायचा असेल तर घड्याळ बघून कॉन्व्हॉय (गाड्यांचा ताफा) थांबवता येत नाही. पण आतेभावाची ती सकाळ कॉन्व्हॉयची नव्हती. शांततेच्या ठाण्यात एमटीची बरीचशी कामं रेशनची गाडी, अ‍ॅम्ब्युलन्स, शाळेची बस, साहेबांची स्टाफ कार अशीच असतात. त्यांपैकी रेशन दोन तास उशिरा आलं असतं तर कुठली सीमा उघडी पडणार होती?

आता सुनावणीबद्दल. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम ८० कमांडिंग ऑफिसरला शिपायाला २८ दिवसांपर्यंत लष्करी कोठडीत ठेवण्याचा, तितकेच दिवस लाइन्समध्ये डांबण्याचा, जादा गार्ड-ड्यूटी लावण्याचा, महिन्याला १४ दिवसांच्या पगाराइतका दंड करण्याचा अधिकार देतं. हे सगळं कोर्ट मार्शलशिवाय. आर्मी रूल २२ कागदावर चांगला आहे: आरोप शिपायाच्या समोर ऐकायचा, साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची त्याला पूर्ण मुभा, स्वतःचे साक्षीदार आणण्याचीही. पण उलटतपासणी घ्यायची कुणाची? ज्याने ड्यूटी लावली त्या एमटी हवालदाराची, त्याच पलटणीत, उद्या पुन्हा त्याच्याच हाताखाली काम करायचं असताना? माझ्या भावाने एकही प्रश्न विचारला नाही. “गलती हुई साहब” एवढंच म्हणाला. काकांनीच सांगितलं की बहुतेक पोरं तेवढंच म्हणतात, कारण तोंड उघडलं तर ते उद्धटपणाच्या खात्यात जातं.

त्याच कायद्यातला एक फरक मला फार खुपतो. कलम ८४ खाली अधिकाऱ्याची बढतीसाठीची ज्येष्ठता कापायची झाली तर शिक्षा देण्याआधी कोर्ट मार्शल मागून घेण्याचा हक्क त्याला आहे. कलम ८० खाली कोठडीत जाणाऱ्या शिपायाला तसा हक्क नाही. कलम २६ नुसार वरिष्ठांकडे तक्रार करता येते, पण ती साखळी त्याच पलटणीतून वर जाते. आपला कायदा इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यावरून आला. त्या इंग्रजांनी स्वतःच्या सैनिकांना आता सीओसमोरच्या सुनावणीऐवजी कोर्ट मार्शल मागण्याची मुभा दिली आहे आणि छोट्या शिक्षेविरुद्ध दाद मागायला वेगळं अपील न्यायालयही ठेवलं आहे.

मी राहते त्या देशातला एक खटला या बाबतीत सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. १९७० च्या सुमाराला डच सैन्यातल्या एका सक्तीच्या भरतीतल्या शिपायाने खडबडीत जमिनीवरून ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगाने बेफिकीरपणे जीप हाकली आणि एक लॉरी आणायला सांगितली होती, ते काम लगेच केलं नाही. शिस्तभंगाच्या तुकडीत तीन महिने अशी शिक्षा झाली, वरच्या लष्करी न्यायालयाने ती बारा दिवसांच्या अटकेवर आणली. तो आणि आणखी काही शिपाई युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. ८ जून १९७६ ला एंगल विरुद्ध नेदरलँड्स या नावाने निकाल लागला. सैन्याला शिस्तीसाठी नागरिकांहून कडक नियम हवेतच, हे न्यायालयाने मान्य केलं. मात्र तीन-तीन महिने माणसाला तिकडे पाठवण्याइतकी शिक्षा संभवत असेल तर सुनावणी बंद दाराआड चालणार नाही, असंही ठणकावलं. पुढे १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये नवा लष्करी शिस्त कायदा लागू झाला. त्यात ताकीद, दंड, जादा ड्यूटी आणि बाहेर जाण्यास मनाई एवढ्याच शिक्षा उरल्या, कोंडून ठेवणं गेलं. सैनिक आपल्या विश्वासाचा माणूस सोबत घेऊ शकतो आणि शेवटी आर्नहेमच्या न्यायालयातल्या लष्करी पीठाकडे जाऊ शकतो. डच सैन्य यामुळे मोडून पडलेलं नाही. ते लहान आहे, त्याच्या वाट्याला सियाचीन नाही, हे काकांचं उत्तर खरं आहे. पण रेशनची गाडी दोन्हीकडे सारखीच असते.

सात दिवसांत काय बिघडतं, असं घरातल्याच एकाने विचारलं. बिघडतं ते शीट रोलवर, म्हणजे शिपायाच्या नोकरीच्या नोंदपत्रकावर. जड शिक्षा लाल शाईने चढतात, हलक्या काळ्या शाईने, आणि चार लाल नोंदी झाल्या की आर्मी रूल १३ खाली माणसाला घरी पाठवण्याची वाट मोकळी होते. शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षांची नोकरी लागते, त्याआधी घरी गेला तर पेन्शन नाही. २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चार लाल नोंदी मोजून आपोआप डिस्चार्ज देता येणार नाही. लष्कराच्याच १९८८ च्या पत्रात लांब नोकरी, खडतर ठाणी आणि राहण्याच्या कठीण परिस्थितीचा विचार करा असं म्हटलेलं आहे, त्याकडे न्यायालयाने बोट दाखवलं. मला हा विचार एक पायरी खाली, पहिल्या नोंदीच्या वेळीच व्हायला हवा आहे. शेवटच्या पायरीवर परिस्थिती बघायची आणि पहिल्या पायरीवर बघायची नाही, यात अर्थ नाही.

त्यासाठी मोठा कायदा बदलायची वाट पाहायला नको. अपघाताचा चार्ज ऐकताना सीओसमोर गाडीची कार डायरी आणि एमटीचं ड्यूटी रजिस्टर मागच्या ४८ तासांसह असावं. ज्याने ड्यूटी लावली त्याने ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून कारण सांगावं. त्याचं कारण पटलं नाही तर त्याच्याही नावावर नोंद व्हावी. भावाच्या बाबतीत हे झालं असतं आणि तरीही त्याला दोन दिवस जादा गार्ड लागली असती, तर मी गप्प बसले असते.

काकांनी या वादात नकळत माझीच बाजू भक्कम केली. ते एमटीचे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) होते तेव्हा रात्री गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला दुपारी बारापर्यंत दुसरी ड्यूटी लावायची नाही, असा त्यांच्या कंपनी कमांडरचा दंडक होता. कामं अडली का, असं मी विचारलं. “नाही गं, सकाळीच थोडी ओढाताण व्हायची, तेवढीच,” ते म्हणाले. साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी तो पाळला नाही. कुठेही लिहून ठेवलेला नव्हता.

घाई यासाठी की २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि छोट्या शिक्षेचं वजनच बदललं. अग्निवीराला चार वर्षं मिळतात, त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम घेतलं जातं, तेही चार वर्षांतली कामगिरी पाहून. २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२७ च्या तोंडावर भरतात. पंधरा वर्षांच्या नोकरीत एक नोंद धुऊन काढायला वेळ असतो, चार वर्षांत तो नाही. त्यांच्यातही ड्रायव्हर आहेत, त्यांच्याही शीट रोलवर खांब, दिवे आणि चेपलेले पत्रे असतील. निवड करणाऱ्या बोर्डापुढे ती नोंद जाईल तेव्हा तिच्यासोबत आदल्या रात्रीचं ड्यूटी रजिस्टरही जावं, आणि ते जोडण्याची जबाबदारी त्या पोरावर नसावी, पलटणीवर असावी.