शाळेला कुलूप, घराला कुलूप

आमच्या चौथीच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि चतुर्थीच्या माटोळीचे फोटो यापलीकडे काही येत नाही. परवा एकाने गोव्यात पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेचा फोटो टाकला. दाराला कुलूप, पडवीत कुणीतरी आणून रचलेली सुकी चुडतं, कौलांवर शेवाळ, आणि खाली एवढंच, "आता काय करायचं हिचं?" झालं. दोन दिवस फोन थांबेना. कुणी म्हणे वाचनालय करा, कुणी योगा सेंटर, कुणी शाळेचंच म्युझियम करा म्हणे (त्यात ठेवायचं काय ते नाही सांगितलं), आणि एकाला कुठूनशी खबर की दिल्लीची एक पार्टी लीजवर घेऊन "हेरिटेज स्टे" करायला तयार आहे. मध्येच आमच्यातली एक जण, जी आज दोन मुलं घेऊन म्हापशात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, तिने लिहिलं, दोन-तीन बिऱ्हाडं बसतील अशा खोल्या काढून गावातल्याच कुणाला कमी भाड्याने द्या की. त्यावर तीन हसरे चेहरे आणि एक "शाळेत संसार??" एवढं आलं आणि गाडी परत योगावर गेली.

मला हसू आलं नाही, कारण मी तेवीस वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये राहतोय, बोस्टनच्या पश्चिमेला एका लहानशा टाऊनमध्ये, आणि तिथे आमच्या डोळ्यांदेखत शाळेत संसार थाटलेत.

विटांची तिमजली जुनी शाळा, नवीन बांधली म्हणून बंद पडलेली, बरीच वर्षं तशीच होती, खिडक्यांना प्लायवुड ठोकून. आता तिथे कमी उत्पन्नवाल्यांसाठी भाड्याचे फ्लॅट आहेत, साधारण एका वर्गात एक घर. ओपन हाऊस होतं तेव्हा मुद्दाम बघायला गेलो. कॉरिडॉर तसाच, बैलगाडी जाईल एवढा रुंद, आणि भिंतीला मुलांचे कोट अडकवायचे हुक ओळीने माझ्या कमरेच्या उंचीवर. पाणी प्यायचा नळ इतका खाली की गुडघे मोडून वाकावं लागलं. एक आजी आधीच राहायला आल्या होत्या, त्यांनी हौसेने घर दाखवलं. सोफ्याच्या मागे वर्गातला मूळ काळा फळा तसाच भिंतीत, आणि त्यावर खडूने वाण्याची यादी, दूध, अंडी, बल्ब दोन. मी म्हटलं पुसत नाही का तुम्ही, तर म्हणाल्या, सामान आणलं की पुसते.

आता वाटेल की काय हे लोक, वारशाची केवढी चाड. चाड वगैरे थोडी असेल, पण फळा टिकला तो हिशोबामुळे. इथे जुनी इमारत नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या केंद्राच्या यादीत, असेल आणि तिची दुरुस्ती नॅशनल पार्क सर्व्हिसच्या नियमांप्रमाणे केली तर खर्चाच्या 20 टक्के रक्कम केंद्राच्या टॅक्समधून वजा मिळते. आणि नियम म्हणजे खरोखर नियम, कॉरिडॉर मोडून बेडरूम मोठी करायची नाही, उंच खिडकीच्या मधोमध फॉल्स सीलिंग आणायचं नाही. त्याच्या जोडीला 1986 च्या कायद्यातलं दुसरं टॅक्स क्रेडिट, स्वस्त भाड्याची घरं बांधणाऱ्याला मिळणारं. ही क्रेडिटं बिल्डर बहुतेक स्वतः वापरत नाही, बँकाबिंका पैसे घालून ती घेतात आणि त्या पैशांतून काम उभं राहतं. बदल्यात कागदावर लिहून द्यायचं की निदान 30 वर्षं ही घरं ठराविक उत्पन्नाच्या आतल्यांनाच, बहुतेक ठिकाणी त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांपर्यंत, आणि भाडंही त्याच हिशोबात बसणारं. बिल्डर इथलाही बिल्डरच असतो हो, पण त्याने भिंत पाडली तर त्याचे पैसे जातात आणि भाडं वाढवलं तरी जातात, म्हणून दोन्ही जागच्या जागी.

आणि हे सगळं गोडीगुलाबीने झालं असंही कुणी समजू नका. इथे लहान टाऊनमध्ये टाऊन मीटिंग असते, म्हणजे आपली रविवारची ग्रामसभाच, फक्त संध्याकाळी आणि माईकसमोर रांग लावून. मी तिथे लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसून तीन तास ऐकलंय. पहिला मुद्दा पार्किंग. दुसरा मुद्दाही पार्किंग. मग सांडपाणी, मग आमच्या शाळांवर बोजा, मग "गावाचं रूप बदलेल", आणि शेवटी एक गृहस्थ उभे राहून अगदी सभ्य भाषेत म्हणाले की कोण लोक येणार राहायला ते आम्हाला कळायला हवं. मी मनात म्हटलं, हे तर आपलं "भायले", बाहेरचे. भाषा इंग्रजी, सूर अगदी पेडण्याचा.

या राज्यात 1969 पासून एक कायदा आहे, चाळीस-बी म्हणतात, की टाऊनमधल्या एकूण घरांत परवडणारी घरं 10 टक्क्यांपेक्षा कमी असतील तर बिल्डर स्थानिक नियमांना वळसा घालून परवानगी मागू शकतो, टाऊनने नाही म्हटलं तर राज्याकडे अपील. लोकांना हा कायदा इतका खुपतो की 2010 मध्ये तो रद्द करायला सार्वमत घेतलं होतं, रद्द झाला नाही. त्यामुळे आमच्या मीटिंगमध्ये खरं गणित असं होतं की शाळेतली घरं आपल्या अटींवर होऊ द्या, नाहीतर उद्या कुठल्यातरी माळावर दुसऱ्याच्या अटींवर होतील. शहाणपण असंही येतं कधी कधी.

आता आपल्याकडे वळतो. आमची शाळा म्हणजे काही बोस्टनची विटांची हवेली नव्हे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, दोन मोठ्या खोल्या आणि पुढे पडवी, तांबडा कोबा. वाशाला रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा, आणि ती बडवायचा मान चौथीतल्या मोठ्या मुलाचा. मास्तर बांद्याहून यायचे. पावसात पहिलीच्या बाजूला गळायचं म्हणून जून ते ऑगस्ट पहिली आणि तिसरी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायची, त्यामुळे आमच्या पिढीला तिसरीच्या कविता पहिलीतच पाठ. पोर्तुगीज काळात आमच्या आजोबांना शेणयमामा देवळाच्या मंडपात मराठी शिकवायचे, 1961 नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव शाळा उघडल्या आणि त्यातली ही एक. म्हणून जीव गुंततो हिच्यात, फक्त चिऱ्यांत नाही.

ती बंद का पडली त्यावर ग्रुपवर रोज भांडण असतं, 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं तिथून सुरू होतं आणि एकमेकांची मुलं कुठल्या मीडियमला गेली इथे येऊन थांबतं. माझी दोन्ही इंग्रजीत शिकली, अमेरिकेत, त्यामुळे त्या भांडणात मी गप्प बसतो.

पण बंद इमारतीचं काय करायचं यात मला बोलावंसं वाटतं. आपल्याकडे जुनी वास्तू वाचवायची म्हणजे बघायला येणाऱ्यांसाठी वाचवायची असं झालंय. पणजीतलं जुनं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, ज्या संस्थेची सुरुवात 1842 ची, ते 2004 मध्ये इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी सजवलं. तिथल्याच जुन्या फोंतेनेस वाड्यातली घरं बघा, किती गेस्टहाऊस झाली. वाईट आहे असं नाही म्हणत, निदान उभी तरी आहेत. पण पेडण्यात हेरिटेज स्टेची कमी आहे का? मोरजी, मांद्रे, हरमल, तिथे काय कमी स्टे आहेत? मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून भाडी कुठे गेली ते ग्रुपवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे, कारण निम्मे जण भाडं घेणारे आणि उरलेल्यांतले बरेच भाडं देणारे. विमानतळावर शिफ्टला लागलेला पोरगा, पंचायतीतली क्लार्क, अंगणवाडीची बाय, नुकतं लग्न झालेला धाकटा भाऊ ज्याच्या वाट्याला वडिलोपार्जित घरातली अर्धी पडवी आलीय, यांनी राहायचं कुठे? त्यांच्यासाठी स्टे नसतो.

यावर लगेच दोन प्रश्न येतील, आणि दोन्ही रास्त आहेत.

एक, जागा कुणाची? आमच्या टाऊनमध्ये शाळा टाऊनच्या नावावर असते, टाऊनने ठरवलं की झालं. आपल्याकडे किती जागी शाळेची जमीन कुण्या भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, तोंडी दिलेली, कुठे देवस्थानची, कुठे कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामायिक मालकीची. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढा आणि बघा नाव कुणाचं आहे. आमच्या शाळेचंच म्हणतात की जमीन ज्यांनी दिली त्यांचे वारस आज मुंबई, लिस्बन आणि कुठे कुठे, आणि आपला वारसा कायदा असा की इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी, करायची तर सगळे पाहिजेत. पंचायतीने आधी हा कागद सोडवावा, योगाची चटई मग अंथरावी. कारण कागद सुटला नाही की एक दिवस कौलं आपोआप कोसळतात आणि मग जागा मोकळी मिळते, हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त रीडेव्हलपमेंट.

दोन, द्यायचं कुणाला? इथे खरा काटा आहे. 2021 मध्ये विधानसभेत भूमिपुत्र विधेयक आलं तेव्हा काय गदारोळ झाला आठवतोय ना, तीस वर्षं राहिलेल्याला भूमिपुत्र म्हणायचं या एका शब्दाने गोवा पेटला आणि शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. इथे मॅसॅच्युसेट्समध्येही तोच पेच आहे. परवडणारी घरं लॉटरीने देतात, त्यात स्थानिकांना प्राधान्य ठेवता येतं पण पहिल्या फेरीत 70 टक्क्यांपर्यंतच, आणि तेही टाऊनने राज्याला पटवून द्यावं लागतं की गरज आहे, कारण सगळे गोरे असलेल्या टाऊनने "आधी आमचे" म्हटलं की बाकीच्यांना आपोआप दार बंद. मला हा आकडा आवडतो. शंभर म्हणत नाही, शून्य म्हणत नाही. आपल्याकडे मात्र "गावातलाच पाहिजे" म्हणताना गाव म्हणजे नक्की किती मोठं हे कुणी सांगत नाही. गोव्यातल्याच वाळपईचा मुलगा पेडण्यात नोकरीला आला तर तो भायला का?

माझं म्हणणं साधं आहे, विकायचं नाही, कधीच नाही. इमारत सरकारची किंवा पंचायतीची राहू दे, भाडं उत्पन्नावर ठरू दे, करार पाच वर्षांचा आणि नावं ग्रामसभेत सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकून. केंद्राने 2020 मध्ये शहरांसाठी अशी भाड्याच्या घरांची योजना आणलीच होती, रिकामी पडलेली सरकारी घरं 25 वर्षांच्या कराराने चालवायला द्यायची, म्हणजे कल्पना काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. दोन खोल्यांच्या शाळेत दोन बिऱ्हाडं बसतील, फार तर तीन, मागे संडास-बाथरूम नवीन बांधायला लागेल, सेप्टिक टँकला जागा आहे का ते बघायला लागेल, आणि पडवी कुणी बंद करायची नाही हे आधीच लिहून घ्यायला लागेल कारण आपण भारतीय पडवी बंद करतोच. दोन बिऱ्हाडांनी गोव्याचा प्रश्न सुटत नाही हे मलाही कळतं. जी शाळा पटसंख्या वाढून परत उघडायची थोडीसुद्धा आशा आहे तिला हात लावू नका हेही मान्य.

पण यावर एका वर्गमित्राने मला बरोबर पकडलं. म्हणाला, "दादा, घरं कमी आहेत असं कोण म्हणतो, बंद आहेत." 2011 च्या जनगणनेत गोव्यातली साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं, सव्वा लाखाच्या आसपास. मग हळूच म्हणाला, तुझं धरून.

खरंय ते. गावात आमचं चार खोल्यांचं घर आहे, आई गेल्यापासून बंद. शेजारची मावशी संध्याकाळी तुळशीकडे दिवा लावते, आठवड्यातून एकदा खिडक्या उघडते, मी वर्षाआड पंधरा दिवस जातो आणि त्यातले चार वाळवी आणि प्लंबर यांच्यात जातात. भाड्याने का देत नाही? कारण लहानपणापासून ऐकलंय की एकदा दिलं की घर गेलं. 1968 चा भाडे कायदा, 1975 चा मुंडकार कायदा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला हटवता येत नाही तो), यातलं मला किती लागू आहे किती नाही हे मी कधी वकिलाला नीट विचारलेलंही नाही, पण भीती मात्र वडिलांकडून आयती मिळाली, घरासोबत. त्या टाऊन मीटिंगमधल्या गृहस्थांवर मी हसलो होतो ना, कोण येणार ते कळायला हवं म्हणाले म्हणून.

चिकूच्या दिवसांत मावशीचा फोन आला होता. मोपाला ड्युटी असलेलं एक जोडपं आहे, वाळपईकडचं, मुलगी तीन वर्षांची, दोन खोल्या मिळाल्या तर बघतायत, माणसं बरी वाटतात, मी त्यांना पडवीत बसवून चहा दिला. मी म्हटलं, मावशी, विचार करून सांगतो. आता चिकू संपून आंबेही संपत आले.