दोष एकट्या बाहुलीचा नाही

अमेरिकी कवयित्री मार्ज पियर्सींच्या ‘बार्बी डॉल’ कवितेवरचा लेख वाचला. कवितेचा सगळा रोख बाहुलीवर आहे, हे त्यातलं म्हणणं पटलं नाही. बार्बी १९५९ साली बाजारात आली; मुलींच्या नाकाडोळ्यांचा हिशेब त्याआधीही चालूच होता की! कवितेतली मुलगी निरोगी, हुशार, दंडात बळ असलेली. वर्गातलं कुणीतरी तिच्या मोठ्या नाकावर, जाड पायांवर बोलतं आणि बाकी सगळं मातीमोल. वर सल्ले: जरा लाजत जा, व्यायाम कर, कमी खा, हसत राहा. मला टोमण्यापेक्षा हे सल्ले जास्त बोचले. असले सल्ले देणारे सहसा शत्रू नसतात, त्यामुळे भांडणार तरी कुणाशी? कवितेच्या शेवटी शवपेटीतल्या तिला लोक ‘सुंदर’ म्हणतात, त्यातला उपरोध मात्र लेखात नेमका पकडलाय.